जळगावात शनिवार-रविवार: मेहरूणचा तलाव, अजिंठा आणि भरिताचं जेवण

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याहून पाच जण निघणार, त्यात सत्तरीच्या आसपासचे आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी. डिसेंबरातला एक शनिवार-रविवार जळगावला काढायचा आहे. यादीत मेहरूण तलाव, अजिंठा, पद्मालय, पाटणादेवी आणि पाल अशी पाच नावं आहेत. हे सगळं दोन दिवसांत बसेल का, आणि बसत नसेल तर काय गाळायचं?

बसणार नाही. पाल आणि पाटणादेवी आत्ताच खोडून टाका. पाल सातपुड्यात, रावेर तालुक्याच्या वरच्या अंगाला आहे. पाटणादेवी चाळीसगावपासून १८ किलोमीटर आत, म्हणजे बरोबर उलट्या टोकाला. दोन्ही जागा सुंदर आहेत, पण जळगावात मुक्काम ठेवून त्या करायला गेलात तर प्रत्येकीचा अख्खा दिवस गाडीत जातो. पाटणादेवीला तुम्ही ठाण्याहून वेगळे या. मुंबईहून येणाऱ्या बऱ्याच गाड्या चाळीसगावला थांबतात, तिथेच उतरायचं. गौताळ्याच्या जंगलातलं देऊळ, धबधबा, भास्कराचार्यांच्या वास्तव्याची म्हणून सांगतात ती जागा आणि जवळची पितळखोऱ्याची लेणी, एवढ्याने दोन दिवस भरतात.

उरले तलाव, अजिंठा आणि पद्मालय. त्यातही पद्मालय राखीव ठेवा, त्याचं पुढे सांगतो. पहिल्याने एक गोष्ट मनात पक्की करा: जळगावची सहल घड्याळावर चालते. इथे सकाळचे आणि संध्याकाळचे दोन-दोन तास सोन्यासारखे असतात, दुपार छपराखाली काढायची असते. डिसेंबरातही दुपारचं ऊन चटका देतं आणि रात्री पारा १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. मे महिन्यात हाच पारा ४५ च्या आसपास असतो, म्हणून डिसेंबर निवडलात ते उत्तम केलंत.

आता येण्याचं. ठाण्याहून जळगाव रेल्वेने सहा ते सात तास. संध्याकाळी आठ-नऊला सुटणाऱ्या गाडीत बसलात तर रात्री तीनच्या सुमारास जळगावला उतराल, आणि इथेच पहिली गडबड होते. हॉटेलची खोली दुपारी बाराला मिळणार असते, सोबत म्हातारी माणसं आणि झोपाळलेलं पोर. त्यामुळे शुक्रवारी रात्री उशिरा, शक्य तो अकरानंतर सुटणारी गाडी बघा, म्हणजे उजाडायच्या वेळेला पोहोचाल. अशी गाडी नाहीच मिळाली तर हॉटेलला आधी फोन करून पहाटेपासूनच खोली मागा आणि अर्ध्या दिवसाचे जादा पैसे द्या. ते पैसे वाया जात नाहीत, आई-वडिलांचा शनिवार त्यावर उभा राहतो. जळगावला न थांबणारी गाडी असेल तर भुसावळचं तिकीट काढा. भुसावळ मोठं जंक्शन आहे, जळगावच्या पूर्वेला २४ किलोमीटर, आणि तिथून मागे यायला गाड्या, एसटी, रिक्षा सगळं मिळतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याचं तिकीट त्याच सकाळी काढायला बसा.

मुक्काम स्टेशन आणि नवीन बसस्थानक यांच्या मधल्या भागात घ्या. खाणं, बाजार, रिक्षा सगळं पायाखाली आहे. फक्त खोली रस्त्याच्या बाजूची नको, मागच्या बाजूची मागा.

शनिवारी सकाळी आंघोळी आटोपल्या की तलाव गाठा. डिसेंबरात सातच्या सुमारास सूर्य वर येतो. साडेसहाला निघालात तर तलावावर अंधुक उजेडात पोहोचाल, आणि ती वेळ चुकवू नये अशीच असते. पाण्यावर धुक्याची पातळ पट्टी असते, फिरायला आलेली जळगावची माणसं कानटोप्या घालून झपाझप चालत असतात आणि कडेच्या उथळ पाण्यात बगळे एका पायावर उभे असतात. मेहरूण पूर्वी शहराबाहेरचं गाव होतं, आता शहरच त्याला चिकटलंय, पण तलावामुळे या बाजूचा मोकळेपणा टिकून आहे.

पक्षी बघायचे तर उभं कुठे राहायचं ते महत्त्वाचं. सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहा, म्हणजे सूर्य पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर उजेड. पश्चिमेच्या काठावर उभे राहिलात तर सगळे पक्षी नुसते काळे ठिपके दिसतील, मग कोणी म्हणतं इथे काही नाहीच. पाण्याच्या मध्यावर काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले चांदवे असतात. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा रंग असलेलं हळदीकुंकू बदक जोडीने फिरतं. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा, चिखलात लाल लांब पायांचा शेकाट्या, काठच्या तारेवर खंड्या, आणि माणूस जवळ आला की आरडाओरडा करणारी टिटवी. आठ बाय चाळीसची साधी दुर्बीण पुरते. मुलीच्या हातात दुर्बीण देण्याआधी पक्षी नुसत्या डोळ्यांनी दाखवा, मग दुर्बीण डोळ्यांवर न्यायला सांगा. उलट केलं तर तिला नुसतं पाणी दिसतं आणि पाच मिनिटांत कंटाळा येतो. पाऊण तास पुरे आहे.

काठावर काही गोष्टी सांभाळायच्या. घाटाच्या पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे आई-वडिलांना उतरू देऊ नका. पाण्यात पाव, फरसाण टाकू नका. न खाल्लेलं अन्न तळाला कुजतं, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि त्याचा फटका आधी माशांना आणि मग पक्ष्यांना बसतो. संध्याकाळी आलात तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, सूर्य बुडाला की डासांची झुंबड उडते.

या दिवसांत तलावाच्या वाटेवर किंवा बाजारात मेहरूणची बोरं दिसली तर घ्या. मेहरूण ही बोराची नावाजलेली जात आहे आणि तिचं मूळ इथलंच. डिसेंबरात हंगाम सुरू होतो, संक्रांतीला भर असतो. पिवळ्यावर तांबूस झाक आलेली, बोटाने दाबल्यावर किंचित दबणारी घ्यावीत. सुरुवातीची हिरवट बोरं तुरट लागतात.

नाश्त्याला पोहे-जिलेबी सगळीकडे मिळतात. त्यानंतर सकाळी साडेनऊ-दहाला गांधीतीर्थ. जैन हिल्सवर, शिरसोली रस्त्याला, शहरापासून सात-आठ किलोमीटर. उद्योगपती भवरलाल जैन यांच्या पुढाकाराने गांधी रिसर्च फाउंडेशनने हे उभं केलं आणि मार्च २०१२ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आतल्या संग्रहालयाचं नाव ‘खोज गांधीजी की’. कानाला लावायचं यंत्र घेऊन एकेका दालनातून पुढे जायचं, सगळं नीट ऐकलं तर अडीच तास लागतात. इथे घाई करू नका. निघण्याआधी फोन करून त्या दिवशी किती वाजता सोडतील ते ठरवून घ्या, कारण शाळांच्या सहली डिसेंबरातच येतात आणि मग शे-दीडशे पोरांच्या मागे उभं राहावं लागतं. आई-वडिलांसाठी चाकाची खुर्ची हवी असेल तर तीही त्याच फोनवर विचारा.

आत जाण्याआधी मुलीला एक गोष्ट सांगून ठेवा, मग तिला दालनं परकी वाटणार नाहीत. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन याच खान्देशात, यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरलं होतं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. अधिवेशन खेड्यात भरवायचा आग्रह गांधीजींचा होता आणि मंडप-कमानींची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी खेड्यातल्याच साध्या सामानातून केली होती. केळीच्या बागांमधलं ते गाव जळगावहून तासाभराच्या अंतरावर आहे.

दुपारचं जेवण हा शनिवारचा सगळ्यात मोठा कार्यक्रम समजा. डिसेंबरात जळगावला येऊन भरीत न खाता जाणं म्हणजे कोकणात आंब्याच्या दिवसांत जाऊन आंबा न खाणं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. हे वांगं मोठं, हिरवं आणि त्यावर पांढरट रेघा असलेलं असतं. बामणोद, आसोदा, भादली ही त्याची नावाजलेली गावं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, चातुर्मासात वांगं न खाणारी घरं त्या दिवसापासून पुन्हा खायला लागतात, आणि मग शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात त्या थेट फेब्रुवारीपर्यंत.

हंगामात शहरात भरीत किलोवर विकणारी केंद्रं लागतात. तिथून गरम भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या बांधून आणता येतात. पण जमलं तर शेतावरचं जेवण ठरवा. आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि कमीत कमी किती माणसं ते आधी विचारावं लागतं, कारण पाच जणांसाठी कोणी जाळ पेटवत नाही. हॉटेलवाल्याला किंवा रिक्षावाल्याला विचारलं तर दुसऱ्या गटाबरोबर तुमची सोय लावून देतात.

समोर भरीत होत असेल तर खुर्चीवर बसून राहू नका, उठून बघा. वांगी हातात घेतली की हलकी लागली पाहिजेत. आकाराच्या मानाने जड वांगं म्हणजे आत बी झालेलं, त्याचं भरीत कडसर होतं. वांग्याला तेलाचा हात लावून दोन-चार ठिकाणी टोचतात, नाहीतर जाळावर ते फुटतं. जाळ असतो वाळलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा. पऱ्हाटी भडाभडा पेटते आणि लवकर विझते, त्यामुळे वांगं बाहेरून करपतं, आतून शिजतं आणि धुराचा वास गरात उतरतो. गॅसवर हे होत नाही, तिथे आच एकाच जागी लागते. भाजलेली वांगी थोडी निवली की साल हाताने काढायची. पाण्याखाली धरून साल काढली तर सोपं जातं, पण धुराचा वास पाण्याबरोबर वाहून जातो, आणि मुळात त्या वासासाठीच हा सगळा खटाटोप असतो. मग लाकडी भांड्यात गर ठेचतात. मिक्सर लावला की त्याची खळ होते, तो तारदार राहत नाही.

फोडणीचं प्रमाण घरी करायचं असेल तर असं धरा: किलोभर वांग्यांना आठ-दहा तिखट हिरव्या मिरच्या, एक लसणाचा गड्डा, अर्धी वाटी शेंगदाणे, एक जुडी कांद्याची पात, मूठभर कोथिंबीर आणि अर्धी वाटी तेल. मिरच्या आणि लसूण भाजून वांग्याबरोबरच ठेचायच्या, शेंगदाणे तेलात तळून वर घालायचे, पात शेवटी. हळद नाही, टोमॅटो नाही, लाल तिखट नाही. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालीचे काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ. भाकरी गरम असतानाच खावी, गार झाली की चिवट होते. आई-वडिलांसाठी सोबत ताक किंवा दही मागून घ्या आणि मुलीचं भरीत मिरची घालायच्या आधी बाजूला काढायला सांगा. नंतर तिखट कमी करता येत नाही.

हे जड जेवण आहे. दुपारी तीनपर्यंत खोलीत पडून राहा.

संध्याकाळी दोन वाटा आहेत. एक जुन्या जळगावची. तिथे राममंदिर आहे. कार्तिकी एकादशीला निघणारा जळगावचा रथ याच मंदिराचा. त्याच भागातल्या चौधरी वाड्यात कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० चा, आसोद्याचा. सासर जळगावचं. त्यांच्या ओव्या लहानपणापासून ऐकलेल्या आई-वडिलांना तो वाडा अर्धा तास तरी हलू देणार नाही. गल्ल्या अरुंद आहेत, मोठी गाडी आत नेऊ नका, रिक्षाने जा.

दुसरी वाट सराफ्याची. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते इथल्या सोन्याच्या विश्वासामुळे, आणि खान्देश-विदर्भातून लग्नाचं सोनं घ्यायला माणसं इथे येतात. सराफा सुभाष चौकाच्या आसपास आहे. नुसतं बघायला गेलात तरी कोणी वाईट मानत नाही. घ्यायचं असेल तर दागिन्यावर तीन खुणा बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. दुकानातच, पैसे देण्याआधी तपासा. बिलावर सोन्याचं वजन, खड्यांचं वजन, दर, घडणावळ आणि जीएसटी हे वेगवेगळं लिहिलेलं असावं. खड्याचं वजन सोन्यात धरलं जातं ती चूक बिल एकत्र असलं की कळतच नाही.

दोन्ही वाटा एका संध्याकाळी होत नाहीत. सोनं घ्यायचं नसेल तर जुनं जळगाव करा आणि तिथून काव्यरत्नावली चौकाजवळच्या भाऊंच्या उद्यानात जा, मुलगी मोकळी होईल. सूर्यास्त तलावावर बघायचा असेल तर साडेपाचच्या आत तिथे हवं, आणि त्यासाठीही पूर्वेचाच काठ बरा, मावळतीचं सगळं आकाश पाण्यात उतरतं.

रात्री शेवभाजी. ती मागवताना शेव वेगळी आणि रस्सा वेगळा आणायला सांगा. भाजीची शेव जाड आणि लसूण-तिखटाची असते. ती रश्श्यात आधीच पडली तर दहा मिनिटांत तिचा लगदा होतो. ताटात रस्सा घ्यायचा, शेव टाकायची आणि लगेच खायचं. काळ्या मसाल्याचा रस्सा पुण्या-मुंबईच्या जिभेला झोंबतो, ‘तिखट कमी’ हे मागवतानाच स्पष्ट सांगा. दुपारचं भरीत अजून पोटात असेल तर आई-वडिलांना फुणके-कढी द्या. भिजवलेल्या डाळी वाटून वाफवलेले मुटके असतात, हलके आणि चवदार. वरण-बट्टी मात्र शनिवारी रात्री नको, दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला चालायचं आहे.

रविवार अजिंठ्याचा. शनिवारी गर्दी थोडी कमी असते हे खरं, पण रात्रभर रेल्वेत जागलेल्या सत्तरीच्या माणसांना त्याच दिवशी लेण्यांत चालवू नये. सोमवारी अजिंठा बंद असतो हे लक्षात ठेवा. सुट्टी एक दिवस वाढवून ‘सोमवारी निवांत बघू’ असा बेत करणारे दरवर्षी लेण्यांजवळच्या फर्दापूरहून परत जातात.

जळगावहून लेणी साधारण ६० किलोमीटर. नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर असा रस्ता आहे. दीड तास धरा आणि सकाळी सातला निघा. पाच जणांना दिवसभराची गाडी ठरवणं सोयीचं, तिचे पैसे आणि थांबण्याचे तास आधीच बोलून घ्या. एसटीने जायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी गाडी घ्या आणि वाहकाला ‘लेणीच्या फाट्यावर’ उतरायचं म्हणून सांगा. नुसतं ‘अजिंठा’ म्हणालात तर तो तुम्हाला अजिंठा गावाचं तिकीट देईल, आणि गाव लेण्यांपासून घाट चढून दहा किलोमीटरच्या पुढे आहे. ही चूक फार जणांची होते.

फाट्यावर खासगी गाड्या थांबवतात. तिथून पुढचे चार किलोमीटर तिथल्याच बसने. गाडीतळ, बस आणि लेण्यांचं तिकीट असे तीन ठिकाणी पैसे द्यावे लागतात, सुटे नोटांत ठेवा, घळीत मोबाइलला नीट रेंज नसते. लेणी नऊला उघडतात. साडेआठला फाट्यावर असलात तर पहिल्या बसमध्ये बसाल आणि पहिला पाऊण तास गर्दीच्या पुढे राहाल.

लेण्यांचे क्रमांक काळाप्रमाणे नाहीत, वाटेत जसे येतात तसे आहेत. सगळ्यात जुनी म्हणजे ९ आणि १० क्रमांकाची चैत्यगृहं, इसवीसनापूर्वीची. १, २, १६, १७ ही वाकाटक राजांच्या काळातली, पाचव्या शतकातली, आणि चित्रं मुख्यतः यांतच आहेत. पहिल्या बसने गेलात तर सरळ १ आणि २ मध्ये शिरा. अकरानंतर पोहोचलात तर उलटं करा, आधी २६ पर्यंत जाऊन परत येताना १ आणि २ बघा, तोवर सकाळचे गट निघून गेलेले असतात.

आत शिरल्यावर पहिली तीन-चार मिनिटं काहीच बघू नका. बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत नुसता काळोख दिसतो. भिंतीपासून लांब उभे राहा, डोळे सरावू द्या. मग पहिल्या लेण्यात मागच्या भिंतीवर गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्व हळूहळू वर येतो, हातात निळं कमळ, मान किंचित कललेली, पापण्या खाली. उजव्या हाताला वज्रपाणी. गाभाऱ्यातल्या बुद्धाकडे समोरून, मग डावीकडून, मग उजवीकडून बघा. उजेडाची बाजू बदलली की चेहऱ्यावरचा भाव बदलल्यासारखा वाटतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश चालत नाही, तो रंगांना घातक आहे.

मुलीला रंग कसे लावले ते दाखवा. भिंत खडबडीत ठेवून तिच्यावर माती, दगडाची भरड, भाताचं तूस आणि काड्या यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चित्र. जिथे चित्र निखळलंय तिथे हे थर कडेने उघडे दिसतात, गिलाव्यात अडकलेलं तूससुद्धा दिसतं. तांबडा आणि पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, तो अफगाणिस्तानातून यायचा. १७ क्रमांकात छताखाली उभं राहून निळा कुठे कुठे वापरलाय ते शोधायला सांगा, ती अर्धा तास गुंतून राहील.

दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ च्या एप्रिलमध्ये कोरलेलं आपलं नाव आहे. शिकारीला आला असताना त्याला ही लेणी दिसली. नाव आज माणसाच्या डोक्यापेक्षा वर आहे, कारण तेव्हा लेणं दगडमातीने भरलेलं होतं आणि तो त्या भरावावर उभा होता. १९ ची दर्शनी बाजू आणि २६ मधला सात मीटरच्या आसपासचा महापरिनिर्वाण बुद्ध चुकवू नका. २४ अपुरं राहिलंय, पण डोंगर आतून कसा पोखरत गेले ते तिथेच कळतं.

आई-वडिलांचं असं करा. सुरुवातीच्या पायऱ्या दमवतात, पुढची वाट तुलनेने सपाट आहे, पण प्रत्येक लेण्याला उंबरठे आणि पायऱ्या आहेत. डोलीवाले असतात, भाव खाली ठरवा आणि ‘२६ पर्यंत नेऊन, थांबत थांबत, परत’ असं पूर्ण सांगून ठरवा. आत जोडे काढावे लागतात, दुपारी बाहेरचा दगड तापतो, म्हणून प्रत्येकाकडे जाड पायमोजे हवेत. माणशी लिटरभर पाणी घ्या. माकडं आहेत, खाऊ हातात दिसू देऊ नका. साडेबारा-एकपर्यंत सगळं आटोपतं. परत निघण्याआधी खाली वाहणारी वाघूर बघा. हीच नदी पुढे खाली येते, तिच्यावर धरण बांधलंय आणि जळगाव शहर त्याच धरणाचं पाणी पितं.

वडिलांच्या गुडघ्यांना अजिंठा झेपणार नसेल, तर रविवारी पद्मालय. जळगावहून महामार्गाने एरंडोल, तिथून आत दहा किलोमीटर. देवळात एका गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या. समोर कमळांचं तळं, ज्यावरून गावाचं नाव पडलं. मोठी घंटा आहे, मुलांना ती आवडते. अर्ध्या दिवसात होतं आणि परतताना एरंडोलात पांडववाडा बघता येतो. अंगारकी किंवा संकष्टी आली असेल तर मात्र तिथे गर्दीत उभं राहावं लागेल, पंचांग बघून जा.

आणि तलावावरच्या पक्ष्यांनी मुलीला वेड लावलंच, तर पुढच्या हिवाळ्यात हतनूर. तापीवरचं ४१ दरवाजांचं धरण, त्याच्या फुगवट्यावर चक्रवाक आणि लालसरी येतात, आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. ती सहल भुसावळात उतरून करायची, जळगावात नाही.

रविवारी चारपर्यंत जळगावात परत असाल. परतीची गाडी संध्याकाळी सातच्या आधीची घेऊ नका, घाटात किंवा फाट्यावर उशीर झाला तर धावपळ होते. मधल्या वेळात केळीचे वेफर घ्या, पाकिटावरची तारीख बघून, समोर तळत असतील तर तेच. केळी न्यायची असतील तर खांद्याकडे अजून हिरवी असलेली फणी घ्या आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवा. घरी गेल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने साल काळी पडते आणि आतलं केळं नीट पिकत नाही. बाहेर टांगून ठेवली की दोन-तीन दिवसांत खायला येतात.